घर घेण्याआधी आणि इमारत दुरुस्तीला काढण्याआधी तपासणी कशी करून घ्यावी

बेडरूमच्या तीन भिंतींचा रंग जुना, थोडा पिवळट पडलेला आणि चौथी भिंत नवी कोरी. घर घेणाऱ्या जोडप्याला ती भिंत आवडली होती. त्यांनी आधी एकाकडून तपासणी करून घेतली होती. त्या अहवालात या भिंतीबद्दल एकच ओळ होती : ‘किंचित ओल, रंगकाम करून घ्यावे.’ मी बोटाने ठोकत ठोकत खाली आलो, तर गुडघ्याच्या उंचीपासून फरशीपर्यंत गिलावा बद्द वाजत होता. भिंतीच्या पलीकडे पाइपांची डक्ट होती. तिचं दार उघडलं, तर वरच्या मजल्याच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या जोडातून पाणी झिरपत होतं, आणि डक्टच्या तळाशी साठलेला चिखल पाहता बरेच महिने झिरपत असावं. रंग चार वेळा दिला असता तरी चार वेळा पोपडे धरले असते.

त्या पहिल्या अहवालात खोटं काहीच नव्हतं. ओल खरंच होती. पण तो डागापाशी थांबला, पाण्यापर्यंत गेला नाही. तपासणीसाठी पैसे मोजताना आपण नेमकं काय विकत घेतो, ते इथे दिसतं. दोषांची यादी हवीच. पण प्रत्येक दोषापुढे ‘हे कशामुळे झालं, थांबलंय की वाढतंय, आणि आत्ता काय करायचं’ याचं उत्तर हवं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या तीन प्रश्नांभोवती आहे.

तपासायला कोणाला बोलवायचं

या कामात तीन वेगळी माणसं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला, संपूर्ण घर पाहणारा तपासनीस. तो गच्चीपासून गटारापर्यंत सगळं बघतो, डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं तर जनरल फिजिशियन. दुसरा स्ट्रक्चरल इंजिनियर. कॉलम, बीम, स्लॅब आणि पाया यांच्याबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. तिसरे आपापल्या विषयातले जाणकार : वीज, लिफ्ट, वाळवी, अग्निशमन. एकट्या फ्लॅटसाठी बहुतेक वेळा पहिला पुरतो, आणि त्याने सुचवलं तर दुसरा. अख्ख्या इमारतीचे मालक असाल तर सुरुवातच स्ट्रक्चरल इंजिनियरपासून करा.

निवडताना माझा एक आग्रह आहे आणि त्यात मी तडजोड सुचवणार नाही : तपासणाऱ्याचा त्या व्यवहारात किंवा पुढच्या दुरुस्तीत पैशाचा संबंध असता कामा नये. विकणाऱ्याने सुचवलेला माणूस नको, दलालाने पाठवलेला नको. ‘तपासणी फुकट करून देतो’ म्हणणाऱ्या वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला प्रत्येक गच्चीवर वॉटरप्रूफिंगच लागतं असं दिसेल. तो लबाड असेलच असं नाही, पण त्याचं पोट त्या उत्तरावर आहे.

काम देण्याआधी त्याचा एखादा जुना अहवाल मागा, नाव-पत्ता झाकून दिला तरी चालेल. तो वाचूनच निम्मा निर्णय होतो. फोटोवर बाण आहेत का, जागा नीट सांगितली आहे का, की पानभर ‘समाधानकारक’, ‘बरे’, ‘सुमार’ असे शेरे आहेत? मग विचारा : गच्चीवर चढणार का, वीजपेटीचं झाकण उघडणार का, किती वेळ लागेल, आणि मी सोबत असलो तर चालेल का? दोन खोल्यांच्या घराला नीट पाहायला दोन-तीन तास जातात. अर्ध्या तासात उरकणारा माणूस फक्त फेरफटका मारून जातो. आणि सोबत राहायला जो नाही म्हणतो, त्याला तुम्हीही नाही म्हणा. अहवालाच्या पन्नास पानांपेक्षा त्याच्यासोबत फिरलेल्या दोन तासांत जास्त समजतं.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. घर अजून तुमचं नाही, त्यामुळे तपासनीस फरशी उखडणार नाही, भिंत फोडणार नाही, कपाटही हलवणार नाही. तो दिसतं तेवढंच पाहतो आणि दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. म्हणून जे दिसू शकतं ते दिसेल अशी व्यवस्था आधी तुम्हाला करावी लागते.

तपासणीच्या आधीची तयारी

वेळ महत्त्वाची. मोठी रक्कम अडकण्याआधी तपासणी व्हायला हवी. प्राथमिक करार करायचाच असेल तर ‘तपासणीत गंभीर दोष निघाल्यास व्यवहार रद्द करता येईल व दिलेली रक्कम परत मिळेल’ अशी अट लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, बघून घेऊ’ कामाला येत नाही.

त्या दिवशी वीज आणि पाणी चालू हवं. बंद घरात मीटर कापलेला असेल तर निम्मी तपासणी वाया जाते. विकणाऱ्याला सांगून भिंतीला लावलेली कपाटं हातभर पुढे सरकवून घ्या. डक्ट, गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि वीजपेटी यांच्या किल्ल्या मागवून ठेवा. दिवसाउजेडी जा. शक्य झालं तर चांगला पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत जा, कारण कोरड्या दिवसांत निर्दोष वाटणारी गच्ची तेव्हा खरं बोलते.

कागदांत मंजूर नकाशा, आधीच्या दुरुस्त्यांच्या पावत्या, इमारतीचा आधीचा स्ट्रक्चरल अहवाल असेल तर तो, आणि लिफ्टच्या देखभालीची वही मागा. नकाशा हातात घेऊन घरात फिरा. नकाशातली भिंत जागेवर नसेल तर ती कोणी, कधी आणि कोणाला विचारून काढली, हा त्या दिवसाचा पहिला प्रश्न. भिंतीवर स्लॅब टेकलेल्या जुन्या बांधकामात भिंत काढणं म्हणजे आधार काढणं.

बाहेरून आत, वरून खाली

मी घरात शिरण्याआधी इमारतीला एक फेरी मारतो आणि मग थेट गच्चीवर जातो. पाणी वरून खाली येतं, म्हणून त्याच्याच वाटेने उतरायचं. गच्चीवर पाहायचं ते असं : उतार पन्हाळीच्या तोंडाकडे आहे का, पाणी साचून वाळल्याचे गोल डाग आहेत का, कठड्याच्या बुडाशी भेग गेली आहे का, नंतर बसवलेल्या टाक्या, अँटेना, सोलरच्या पायांसाठी जलरोधक थराला भोकं पाडली आहेत का. गळतीचं सर्वांत लाडकं ठिकाण म्हणजे दोन गोष्टी जिथे जुळतात ती जागा. सपाट भाग सहसा टिकतो; सांधे, कोपरे आणि पाइपांच्या कडा आधी जातात.

शंका असेल तर पाणी तुंबवून पाहतात. पन्हाळीची तोंडं बंद करून काही सेंटीमीटर पाणी भरायचं, किमान २४ तास ठेवायचं आणि खालून छत पाहायचं. पण हे कोणाला तरी विचारूनच करा. दर चौरस मीटरवर १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० किलो वजन. ५ सेंटीमीटर भरलं की प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो. आधीच दुबळ्या स्लॅबवर ते लादायचं का, हे इंजिनियरने ठरवावं.

जमिनीवर आल्यावर जोत्याभोवती फिरा. इमारतीपासून बाहेर पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन निदान १५ सेंटीमीटर उतरायला हवी. उलटा उतार असेल, म्हणजे पाणी भिंतीकडे येत असेल, तर तळमजल्याच्या ओलीचं कारण बाहेरच सापडलं. जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या छताकडेही बघा. फ्लॅट विकणारा आपलं घर रंगवतो, जिना कोणी रंगवत नाही. इमारतीची खरी तब्येत तिथेच कळते.

भेगा : कोणती सोडायची, कोणती धरायची

भेग दिसली की लोक घाबरतात किंवा हसून सोडून देतात. दोन्ही चूक. भेगेची रुंदी, दिशा, जागा आणि वय या चार गोष्टी एकत्र वाचायच्या असतात.

गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर बहुधा गिलावा वाळताना आकसला आहे. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ उभी भेग हीदेखील बहुतेक वेळा दोन वेगळ्या पदार्थांच्या कमी-जास्त आकुंचनाची असते. जाळी मारून, भरून ती दुरुस्त होते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग मात्र लक्ष मागते. विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग त्याहून जास्त, कारण ती पाया कुठेतरी कमी-अधिक खचल्याचं सांगते. अशा वेळी जवळची दारं आणि खिडक्या उघडून पाहा. चौकट तिरकी झाली असेल, दार वर एका कोपऱ्यात घासत असेल, तर भेग केवळ गिलाव्यापुरती नाही.

वीटबांधकामाच्या भिंतींसाठी ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने रुंदीवरून एक वर्गवारी केली आहे आणि ती जगभर वापरली जाते. १ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा रंगकामात झाकल्या जातात. ५ मिलिमीटरपर्यंत भरून घेता येतात. ५ ते १५ मध्ये दारं अडकू लागतात, पाइप तुटू शकतात आणि विटा काढून बदलाव्या लागतात. १५ च्या पुढे भिंतीचे भाग नव्याने बांधण्याची वेळ येते, आणि २५ च्या पुढे भिंत स्थिर राहील का हाच प्रश्न असतो. पण ही वर्गवारी दुरुस्ती किती अवघड एवढंच सांगते. २ मिलिमीटरची वाढती भेग ही ६ मिलिमीटरच्या, वीस वर्षं जागच्या जागी असलेल्या भेगेपेक्षा जास्त चिंतेची असू शकते. भेगेच्या आत जुना रंग शिरलेला असेल, धूळ आणि जळमटं असतील तर ती जुनी. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर ताजी.

आरसीसीमधल्या, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटमधल्या, भेगांना वेगळे नियम. कॉलमवर किंवा बीमच्या खालच्या कडेला लांबीच्या दिशेने, सळईच्या बरोबर वरून जाणारी भेग, सोबत तपकिरी डाग, म्हणजे आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. बीम जिथे कॉलमवर टेकतो त्याच्या जवळ साधारण ४५ अंशांत गेलेली तिरकी भेग दिसली तर पुढची चर्चा थांबवून स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. तिथे रुंदी मोजत बसायचं नाही.

ओल : आधी ओळख, मग उपाय

ओल चार वाटांनी येते आणि चारींचं औषध वेगळं. चुकीचं औषध दिलं की पैसे जातात आणि ओल तशीच राहते. म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

जमिनीतून वर चढणारी ओल तळमजल्यावर, फरशीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत दिसते. वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची लोणा लागल्यासारखी ओळ असते. जोत्यात ओल अडवणारा थर नसला, किंवा बाहेर मातीचा भराव त्या थराच्या वर चढवला असला, की असं होतं. बाहेरच्या भिंतीतून शिरणारी ओल पावसाबरोबर वाढते आणि कोरड्या दिवसांत उतरते. खिडकीच्या खाली, छज्ज्याच्या सांध्याशी, बाहेरच्या भेगेच्या मागे ती सापडते. पाइपांची गळती ऋतू पाहत नाही. बाराही महिने तोच डाग, तोच आकार किंवा हळूहळू वाढणारा. आणि चौथी, जिला लोक गळती समजतात ती : हवेतली वाफ थंड भिंतीवर जमणं. कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या वरच्या भागात काळी बुरशी धरते, पण गिलावा आतून कोरडा असतो. तिथे वॉटरप्रूफिंग करून काहीच होत नाही. हवा खेळती करावी लागते.

शेवटच्या दोघींतला फरक घरच्या घरी कळतो. ओलसर जागेवरचं पाणी पुसून, ती वरून कोरडी करून फूटभर चौकोनी ॲल्युमिनियम फॉइल लावा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवस ठेवा. बाहेरच्या बाजूवर थेंब आले तर हवेतली वाफ. फॉइलच्या मागे, भिंतीकडे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय.

तपासनीस सोबत ओलमापक आणतील. सुयांचा ओलमापक मुळात लाकडासाठी बनलेला असतो. गिलाव्यावर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून वाचू नये. कोरड्या भिंतीशी तुलना करायला वापरावा. भिंतीत क्षार असले किंवा मागे लोखंड असलं, तर कोरड्या भिंतीवरही आकडा वर जातो. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तो पाणी पाहत नाही, तापमान पाहतो. ओली जागा बाष्पीभवनाने थंड होते म्हणून गडद दिसते, पण आतून गेलेला थंड पाण्याचा पाइपही तसाच दिसतो. कॅमेऱ्याने शंका घ्यायची आणि मापकाने खात्री करायची. अहवालात फक्त रंगीत चित्रं असतील आणि मापकाचे आकडे नसतील, तर ते काम अर्धवट आहे.

एकाच भिंतीला नवा रंग, एकाच खोलीत नवं फॉल्स सीलिंग, एकाच कोपऱ्यात नवी टाइल. असं काही दिसलं की विचारा, का? कधी उत्तर साधं असतं. पण विचारायला लाजू नका.

पाणी येणं आणि जाणं

बाथरूममध्ये मी सगळ्यात आधी एक बादली पाणी ओततो. सगळं पाणी जाळीकडे गेलं तर उतार बरोबर; दाराकडे किंवा कोपऱ्यात थांबलं तर फरशीखालची ओल आज ना उद्या नक्की. मग फ्लश करताना जाळीकडे कान द्यायचा. गुडगुड आवाज आला तर सांडपाण्याच्या पाइपाला हवा कमी पडते, ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवण्यासाठी पाइपाच्या वळणात साठवलेलं, पाणी ओढलं जातं आणि मागून वास येतो. बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूची स्कर्टिंग आणि खालच्या मजल्याचं छत हे दोन्ही पाहिल्याशिवाय बाथरूमची तपासणी झाली असं म्हणू नये. खालच्या शेजाऱ्याकडे जायला संकोच वाटतो, पण पाच मिनिटं बोला. ‘वरून गळतं का हो?’ या प्रश्नाला तिथे जितकं सरळ उत्तर मिळतं तितकं कुठेच मिळत नाही.

सगळे नळ एकदम उघडा आणि धार बघा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्याला जेमतेम २-३ मीटर उंची मिळते, म्हणजे तिथे शॉवर रडणारच. पंप बसवलेला नसेल तर तो खर्च धरून चाला. नंतर सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे अर्धा तास पाहा. काटा हलत असेल तर कुठेतरी गळतंय. बाहेरच्या चेंबरची झाकणं उघडून बघा : आत पाणी साचून राहिलं असेल, किंवा भिंतीवर वरपर्यंत घाणीची रेघ असेल, तर लाइन तुंबते.

वीज

इथे स्वतः हात घालू नका. वीजपेटीचं झाकण तपासनिसाने किंवा वायरमनने उघडावं. पाहायचं असतं ते : जळका वास, काळवंडलेली टोकं, एका स्विचखाली कोंबलेल्या चार वायरी, आणि वायरीच्या जाडीला न शोभणारा मोठा एमसीबी, म्हणजे जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच. वायर गरम होते पण एमसीबी पडत नाही, ही आग लागण्याची जुनी वाट आहे.

गळतीच्या विजेवर तुटणारं उपकरण, ज्याला आरसीसीबी म्हणतात, माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचं हवं. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून ते पडलं की लोक निश्चिंत होतात. त्या बटणाने फक्त उपकरणाची यंत्रणा चालते एवढंच सिद्ध होतं. घरात अर्थिंग मुळीच नसलं तरी ते बटण काम करतं. अर्थिंग वेगळं मोजावं लागतं, प्रत्येक खोलीतल्या एका तरी सॉकेटवर. तीन भोकांचं सॉकेट आणि मागे दोनच वायरी, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता सॉकेटच्या दिसण्यावर विश्वास ठेवत नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याचा धूर पाइपाने बाहेर जातो का, हे त्याच दिवशी पाहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाकीचं थोडक्यात. दाराच्या चौकटी आणि कपाटांची मागची बाजू टाचणीने टोचून पाहा. टाचणी सहज आत गेली किंवा मातीची बारीक नळी भिंतीवरून चढताना दिसली, तर वाळवी. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजणं सुरू होतं. जुन्या इमारतीत सिमेंटचे पत्रे, पाइप किंवा गरम पाइपांवरचं वेष्टण ॲस्बेस्टॉसचं, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक ठरणाऱ्या खनिज तंतूंचं, असू शकतं. ते फोडू नका, भोक पाडू नका, नमुना तपासणाऱ्यांकडूनच काढून घ्या. जुना रंग शिशाचा असण्याची शंका असेल तर कोरडा घासू नका.

इमारतीच्या मालकांसाठी

तुमचं काम घर घेणाऱ्यापेक्षा वेगळं आहे. त्याला एकदा निर्णय घ्यायचा असतो; तुम्हाला वर्षानुवर्षं तब्येत सांभाळायची असते. वर्षातून दोनदा, मोठ्या पावसाच्या आधी आणि नंतर, गच्ची, डक्ट, टाक्या, तळघर आणि पार्किंगचं छत स्वतः पाहा आणि वहीत लिहा. इंजिनियरकडून सविस्तर तपासणी काही वर्षांनी एकदा व्हायला हवी. इमारत जुनी असेल, समुद्राजवळ असेल किंवा पूर्वी मोठी गळती झाली असेल तर लवकर.

त्या तपासणीत काय मोजतात, ते समजून घ्या म्हणजे अहवाल वाचता येईल. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३ असतो आणि त्यामुळे सळईवर संरक्षक पापुद्रा राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा गुण घालवतो. त्याला कार्बोनेशन म्हणतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो, बिघडलेला बिनरंगी राहतो. हे आत जाणं काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं, म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वर्षं लागतात. याचा उलटा अर्थ महत्त्वाचा : सळईवरचं काँक्रीटचं कव्हर निम्मं असेल तर संरक्षण पाव काळच टिकतं. म्हणून कव्हर मोजणारं यंत्र आणि ही फवारणी हे दोन्ही सोबत केलेले हवेत.

रिबाउंड हॅमर, म्हणजे श्मिट हातोडा, पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. झटपट आणि स्वस्त, म्हणून सगळे वापरतात. पण कार्बोनेशनने पृष्ठभाग उलट कठीण होतो, त्यामुळे म्हाताऱ्या काँक्रीटवर हा हातोडा खुशामत करतो. केवळ त्याच्या आकड्यांवर ‘इमारत मजबूत’ असं लिहून देणाऱ्या अहवालावर मी सही करणार नाही. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते पाहतात. सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर उत्तम, ३.५ च्या वर चांगलं, आणि ३ च्या खाली गेलं तर आत पोकळी किंवा भेगा असण्याची शंका, असा साधारण निकष आहे. सळईच्या गंजाचा अंदाज हाफ-सेल चाचणीने घेतात : कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आलं तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. आणि ताकदीचा खरा आकडा हवा असेल तर काँक्रीटचा गाभा, म्हणजे कोअर, कापून प्रयोगशाळेत दाबून पाहणं याला पर्याय नाही. कोअर कुठून काढायचे हे इंजिनियरने ठरवावं, नाहीतर सळई कापली जाते.

अहवाल आल्यावर जे होतं, त्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत १९८१ साली बांधलेली. २०१८ मध्ये अभियंत्याच्या अहवालात लिहिलं गेलं की स्विमिंग पूलभोवतीच्या स्लॅबवरचा जलरोधक थर निकामी झाला आहे, स्लॅबला पाणी वाहून जायला उतार दिलेला नाही आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालं आहे. रहिवाशांच्या संस्थेत खर्चावर चर्चा लांबत गेली. २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा एक भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. मूळ आराखड्यातल्या उणिवाही नंतरच्या तपासात पुढे आल्या, त्यामुळे दोष एकाच गोष्टीवर टाकता येत नाही. पण अहवाल होता, पानं होती, आणि दुरुस्तीचं मोठं काम मात्र अजून व्हायचं होतं. तुमच्या हातात असा अहवाल असेल तर पहिल्या सभेतच तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवा : धोकादायक भागाला आत्ता टेकू द्यायचा का, कोणत्या तारखेपर्यंत काम सुरू होईल, आणि पैसे कुठून येतील.

अहवाल हातात आल्यावर

आधी शेवटून वाचा. ‘काय पाहता आलं नाही’ ही यादी बहुधा शेवटी असते. गच्चीला कुलूप होतं, डक्ट उघडली नाही, एका खोलीत सामान होतं. जे पाहिलं नाही ते ठीक आहे असं गृहीत धरू नका. किल्ली मिळवून त्याच माणसाला परत बोलवा. ‘पुढील तपासणी आवश्यक’ असं जिथे लिहिलं आहे, ती तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी, ताबा घेतल्यावर नव्हे.

मग प्रत्येक नोंद तीन ढिगांत टाका. जिवाला किंवा आधाराला धोका असलेली पहिल्या ढिगात : अर्थिंग, गॅस, कॉलम-बीम, सैल झालेला कठडा. दुसऱ्यात पाण्याशी संबंधित सगळं, कारण ते थांबत नाही, दर पावसात वाढतं. उरलेलं, म्हणजे फरशीचे तुटके कोपरे, घासणारी दारं, जुने नळ, तिसऱ्यात. लोक घासाघीस तिसऱ्या ढिगावरून करतात. पहिल्या दोन ढिगांचा खर्च वेगळ्या ठेकेदारांकडून लेखी मागवा आणि त्यावर बोला.

विकणारा म्हणेल, ‘मी दुरुस्त करून देतो.’ माझं मत विचाराल तर किंमत कमी करून घ्या आणि काम स्वतः करा. घर सोडून जाणारा माणूस लवकर आणि कमी खर्चात जे होईल ते करतो, आणि सहसा ते रंगकामच असतं. त्यानेच करायचं असं ठरलं, तर काय करायचं ते तपासनिसाकडून शब्दांत लिहून घ्या, काम झाकण्याआधी फोटो मागा आणि ताबा घेण्याआधी फेरतपासणी करा.

ताबा मिळाला की सामान येण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा, प्रत्येक भिंत, प्रत्येक छत. जी भेग ‘लक्ष ठेवा’ या शेऱ्याखाली आली आहे, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख आणि मधल्या भागाची रुंदी लिहा. सहा महिन्यांनी, आणि मग वर्षाने, पुन्हा तिथेच मोजा. रेघेच्या पुढे भेग गेली असेल किंवा रुंदी वाढली असेल, तर तो फोटो आणि तारखा घेऊन इंजिनियरकडे जा. तुम्ही काय सांगता त्यापेक्षा त्या दोन तारखा त्याला जास्त सांगतील.